ज्वारीची काटकसर बियाण्यातच



रब्बी ज्वारी पेरली की पुढे पाऊस येईलच असे नाही. जमिनीत मुरलेल्या ओलीवरच तिला दाणा भरायचा असतो. ओल मधेच संपली तर दाणा पोचट राहतो, खडखड्या रोगाने ताटे लोळतात. घरची भाकरी आणि गोठ्यातली वैरण, दोन्हींना फटका बसतो.

मग एकाच शिवारात एक वाण तग धरतो आणि दुसरा करपतो, हे कसे? याचे एक उत्तर बियाण्यातील जनुकांत आहे. माती सुकू लागली की झाडात ॲबसिसिक आम्ल वाढते. त्यामुळे पानांवरची सूक्ष्म छिद्रे मिटतात व उडून जाणारे पाणी वाचते. काही जनुके तर कारभाऱ्यासारखी असतात; ती इतर अनेक जनुकांना कामाला लावतात. ज्वारीत दाणा भरेपर्यंत पाने हिरवी ठेवणारे चार मुख्य जनुकीय भाग शास्त्रज्ञांना सापडले आहेत. असे झाड फुटवे कमी धरते, वरची पाने लहान ठेवते. आधी वाचवलेले पाणी पुढे दाणा भरताना कामी येते.

मात्र जनुक पाणी निर्माण करीत नाही, असलेले पुरवून वापरते. म्हणून जमीन पाहून वाण निवडा. हलक्या जमिनीत फुले अनुराधा, मध्यम जमिनीत फुले सुचित्रा किंवा मालदांडी ३५-१, भारी जमिनीत फुले वसुधा घ्यावा. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात उरकावी. तीन, पाच व आठ आठवड्यांनी कोळपणी करून भेगा बुजवाव्यात. काटकसर बियाणे करील; ओल राखणे आपल्याच हाती आहे.