नाणेघाटातील दोन आश्चर्ये

पावसाळ्यातील एखाद्या रविवारी नाणेघाटाच्या माथ्यावर जाणाऱ्यास दोन आश्चर्ये पाहावयास मिळतात. पहिले पाहण्यासाठी तेथे माणसांची रीघ लागलेली असते. कोकणातून येणारा नैर्ऋत्येचा वारा सह्याद्रीच्या सरळसोट कड्यावर आदळतो. त्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नसते आणि चढता चढता तो कड्यावरून पडू पाहणारे पाणीच उचलून पुन्हा माथ्यावर फेकतो. हा 'उलटा धबधबा' आज महाराष्ट्रातील बहुतेक प्रत्येक फोनमध्ये जाऊन बसला आहे. दुसरे आश्चर्य तेथून थोड्याच अंतरावर, घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात आहे. तिकडे फिरकणारे त्या मानाने थोडे, आणि आत शिरणारेही बव्हंशी पावसाच्या आडोशासाठी.

या लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी यांची ती जंत्री आहे. जंत्री म्हटली की आकडे आले, आणि या आकड्यांतच लेखाचे महत्त्व आहे. भारतात कोरलेल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांपैकी काही येथे आहेत. दहा, शंभर, हजार यांसाठी येथे स्वतंत्र चिन्हे आहेत. शून्याचा आणि स्थानिक किमतीचा पत्ता नाही. चौथीच्या वर्गात एकक-दशक शिकविणाऱ्या शिक्षकाला ती पद्धत रूढ होण्यापूर्वी माणसे हिशेब कसा लिहीत, हे दाखविण्यास याहून चांगला फळा मिळणार नाही. समोरच्या भिंतीवर सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या, वर कोरलेली नावे आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या. बाहेर जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण आहे. कल्याण बंदरातून जुन्नरच्या बाजारपेठेकडे जाणारा माल याच वाटेने चढत असे.

लोक धबधबा पाहतात आणि लेख पाहत नाहीत, एवढ्यावरून त्यांना अरसिक ठरविणे अन्यायाचे होईल. लेख वाचता न येणाऱ्यास भिंतीवरचे ओरखडे आणि अक्षरे सारखीच. खरा प्रश्न निराळा आहे. पूर्वी कोठे जावयाचे हे ठरविण्यापूर्वी माणूस कोणाला तरी विचारी. आता फोन न विचारता सांगतो, आणि तो सर्वांना एकच सांगतो. एका चित्रफितीने एका रविवारी एकाच कड्यावर शेकडो गाड्या उभ्या राहतात. पलीकडचा चावंड, हडसर मोकळा पडलेला असतो आणि नाणेघाटाच्या अरुंद रस्त्यावर वाहनांची रांग हलत नाही.

या एकवटण्याची किंमत प्राणांनी मोजावी लागत आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराखाली कोसळून चौघांचा बळी गेला. अशा प्रत्येक घटनेनंतर प्रतिबंधक आदेश निघतात आणि ठिकाणांची यादी प्रसिद्ध होते. दुर्घटना घडल्यावर प्रशासनाने हातावर हात ठेवून बसावे असे कोणी म्हणणार नाही. पण बंदीने एक धबधबा बंद होतो आणि गर्दी दुसऱ्यावर जाते. पाणी कसे वाढते हे मात्र कोणालाच कळलेले नसते. ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यातून काटक्या आणि पालापाचोळा वाहून येऊ लागला, की वर कोठे तरी पाऊस झाला आहे आणि तत्काळ काठावर यावयाचे, हे मावळातील गुराखी पोराला ठाऊक असते. शहरातील पदवीधराला ते कोणी शिकविलेले नसते.

वस्तुतः डोंगर चढणे हा खेळ आहे, आणि खेळ म्हटला की त्याला सराव आणि शिस्त आली. कबड्डीच्या मैदानात पहिल्याच दिवशी कोणी चढाईस जात नाही. कड्यावर मात्र चपला घालून जाणारे असंख्य. २०१२ च्या मे महिन्यात पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेच्या आठ गिर्यारोहकांनी एव्हरेस्ट सर केले. त्या यशामागे सह्याद्रीतील वर्षानुवर्षांची पायपीट होती. जीवधनाशेजारच्या वानरलिंगी सुळक्याखाली दोराच्या गाठी पुनःपुन्हा तपासणारी मुले पाहिली, तर धाडस आणि उतावळेपणा यांतील फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

फोन घरी ठेवा, असा उपदेश येथे अभिप्रेत नाही. तो कोणी ऐकणारही नाही. उलट, फोनचा खरा उपयोग फार थोड्यांना ठाऊक आहे. दरीत 'रेंज' गेली की नकाशाही गेला, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती बरोबर नाही. फोन आपले स्थान उपग्रहांच्या संदेशांवरून ठरवितो. त्यास मनोऱ्याची आवश्यकता नसते. नकाशा घरून निघतानाच उतरवून घेतला असेल, तर धुक्यातही आपण कोठे उभे आहोत ते दिसते. रेंज शोधण्यात फोनची वीज झपाट्याने संपते, म्हणून ती नसेल तेथे संपर्कयंत्रणा बंद ठेवणे शहाणपणाचे. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीची पोहोचत असल्यास ११२ हा आपत्कालीन क्रमांक लागू शकतो. आणि ज्या नकाशावर समोच्चरेषा नाहीत, तो सपाट असतो. त्यावर दोन किलोमीटर दिसणारी वाट दोन तासांची खडी चढण असू शकते. समोच्चरेषा शाळेच्या भूगोलात आहेत. गुणांपुरत्या पाठ होतात आणि कड्यावर आठवत नाहीत.

शाळांच्या सहली आता बहुधा पाण्याच्या घसरगुंड्यांकडे वळतात. हिशेब सोपा असतो, जबाबदारी कमी असते आणि पालकांचीही तक्रार नसते. मुख्याध्यापकांची अडचण खोटी नाही. तरीही जुन्नर, मुरबाड, अकोले या तालुक्यांतील एखाद्या शाळेने पाऊस ओसरल्यावर, दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत, एस.टी.ची गाडी ठरवून चाळीस मुले घाटावर नेली, बरोबर गावातील एक वाटाड्या घेतला आणि त्याला त्याची रास्त मजुरी दिली, तर खर्च घसरगुंड्यांच्या तिकिटांपेक्षा अधिक होणार नाही. तेव्हा उलटा धबधबा वाहत नसेल, गर्दीही नसेल. लेण्याच्या भिंतीवरची अंकचिन्हे मात्र कोवळ्या सकाळच्या तिरप्या उजेडात अधिक स्पष्ट दिसतील, आणि मुलांना ती वहीत उतरवून घेता येतील.