फक्त अ‍ॅडमिनच मेसेज पाठवू शकतात

2024च्या विधानसभा निवडणुकीत माझ्या भाच्याला कुणीतरी एका उमेदवाराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घेतलं. पोरगा पहिल्यांदाच मत देणार होता. ग्रुपवर दिवसभर बॅनर, ढोलताशाची रील्स, गाडीतून उतरणारे भाऊ, तेही स्लो मोशनमध्ये. त्याला विचारायचं होतं एवढंच, की कॉलेजच्या वेळेची बंद झालेली एसटी पुन्हा कधी सुरू होणार. लिहायला गेला तर खाली ओळ: फक्त अ‍ॅडमिनच मेसेज पाठवू शकतात.

प्रचाराची कंत्राटं घेणारे सांगतात, तरुण मोबाईलवर आहे, म्हणून प्रचार मोबाईलवर न्या. तो आहे तिथे जावं, हे मान्य. पण तिथे जाऊन यांनी केलं काय? भोंग्याची रिक्षा उचलून त्याच्या खिशात ठेवली. खरी रिक्षा निदान पुढच्या गल्लीत तरी निघून जायची.

या मंडळींचा लाडका दाखला बराक ओबामांचा. 2008 साली 18 ते 29 वयाच्या मतदारांची जवळपास दोन तृतीयांश मतं त्यांना पडली. त्याचं सगळं श्रेय त्यांच्या प्रचाराच्या वेबसाइटला देणं भाबडेपणाचं आहे. इराक युद्धाचा वैताग होता, मंदी दारात होती. पण ती वेबसाइट नुसती बघण्यासाठी नव्हतीच. फेसबुकच्या संस्थापकांपैकी ख्रिस ह्यूज ते काम बघत होते. तिथे खातं उघडलं की पोरांच्या हाती काम यायचं: आपल्या घरी बैठक बोलवा, ही मतदारांची यादी घ्या, फोन लावा.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ग्रुप खुला केला तर विरोधकांची माणसं घुसतील, शिव्या पडतील. पडतील की! ओबामांवर तर त्यांचेच लोक उलटले. सरकारला नागरिकांवर पाळत ठेवायला मदत करणाऱ्या टेलिफोन कंपन्यांना खटल्यांपासून संरक्षण देणाऱ्या विधेयकाला ते पाठिंबा देणार म्हटल्यावर समर्थकांनी त्यांच्याच वेबसाइटवर विरोधाचा गट काढला. काही दिवसांत त्यात वीस हजारांवर माणसं जमली. गट कुणी पुसला नाही. ओबामांनी लेखी उत्तर दिलं, मत मात्र बदललं नाही. जुलैत विधेयकाच्या बाजूनेच मतदान केलं. मला तो निर्णय पटत नाही. पण नाराज पोरांना तोंडावर 'नाही' ऐकायला मिळालं, आणि का नाही तेही.

आपल्याकडे एवढंही मागणं जड जात असेल, तर सोपं काम आहे. मतदारयादीसाठी वयाची अर्हता तारीख आता वर्षातून चारदा येते. सतरा पूर्ण झालेल्यांना नावनोंदणीचा अर्ज, म्हणजे नमुना 6, आगाऊही भरता येतो. एखाद्या भाऊंनी रीलऐवजी 'नमुना 6 भरलास का?' असं विचारावं, आणि उत्तर लिहायची सोय ठेवावी.

भाचा मतदानाच्या आधीच ग्रुपमधून बाहेर पडला. हल्ली त्याची सूचनाही फक्त अ‍ॅडमिनलाच जाते.