आरंभी धागा कोणता घ्यावा?

विणकामास नव्यानेच आरंभ करणाऱ्या मुलीने क्रोशाचा बारीक दोरा प्रथम हाती घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यात टाके नीट दिसत नाहीत, चूक सापडत नाही; आणि दोष धाग्याचा असता ती तो आपल्या बोटांस देते व काम टाकून बसते. मध्यम जाडीची, गुळगुळीत व फिक्या रंगाची लोकर घ्यावी. तीस ५ मिलिमीटरच्या सुया बहुधा जुळतात. केवळ पदर मोजून जाडी कळत नाही. चार बारीक पदरांचा धागा दोन जाड पदरांच्या धाग्याहून बारीक असू शकतो. यास्तव तो न ताणता पट्टीभोवती वेढ्यास वेढा लावून गुंडाळावा. इंचात ९ ते ११ वेढे बसले, तर तो मध्यम समजावा. नाजूक जाळीची हौस हात बसल्यावर खुशाल पुरवावी.