घर खाजगी असेल, डीलरचे दुकान नाही

दिल्लीत एकट्या विद्यार्थ्याला खोली मिळून जाते. आई-वडील, भावंडे, मुले अशा भरल्या कुटुंबाला मोठे घर मिळवताना मात्र दमछाक होते. भाडे परवडत असले तरीही. याचे कारण साधे आहे. एकट्या माणसाला जात झाकता येते, कुटुंबाला ती झाकता येत नाही.

पहाडगंज मराठी माणसाला परके नाही. बृहन्महाराष्ट्र भवन आणि नूतन मराठी शाळा इथेच आहेत. करोल बाग, राजेंद्र नगरचे क्लासही जवळच. कांबळे किंवा वाघमारे हे आडनाव इथल्या डीलरला चटकन उमगत नाही. 'महाराष्ट्र से हैं' एवढ्यावर एका खोलीचे काम भागते. तीन खोल्यांचा मजला मागितला की पुढचा प्रश्न येतो, "वहाँ आप लोग क्या होते हैं?" मग वडिलांचा व्यवसाय, स्वयंपाकात काय शिजते, देव्हारा कुठे मांडणार, हे सगळे विचारले जाते.

गेल्या हिवाळ्यात आई-वडील, ताई आणि तिच्या दोन मुलांसाठी मी इथल्या गल्ल्यांत घर शोधत होते. एक मजला पसंत पडला, भाडे ठरले, टोकन द्यायचे तेवढे बाकी होते. तेवढ्यात जिन्यात उभ्या आईला गावाहून फोन आला आणि ती नेहमीप्रमाणे 'जय भीम' म्हणाली. मालकीणबाईंनी अर्थ विचारला, आईने सरळ सांगितला. संध्याकाळी डीलरचा निरोप आला की मालकाचे भाऊ राहायला येत आहेत. दोन आठवड्यांनीही तोच मजला 'भाड्याने देणे'च्या यादीत होता.

हा एका कुटुंबाचा अनुभव म्हणून सोडून देता येत नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि भोवतालच्या शहरांत भाड्याच्या घरांच्या बाजाराचा अभ्यास केला. तो 2015 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाला. सवर्ण नावाने चौकशी करणाऱ्यांना जवळजवळ सगळीकडे होकार मिळाला. दलितांना नकार किंवा जाचक अटी मिळाल्या. मुस्लिमांना त्याहून जास्त नकार आले.

1917 साली अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात पारशी असल्याचे सांगून पारशी विश्रामगृहात राहावे लागले. जात कळताच काठ्या घेतलेला जमाव दारात आला. पदवीने नोकरी दिली, छप्पर दिले नाही.

कायदा काय म्हणतो? संविधानाच्या कलम 15(2) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, रस्ते यांचा उल्लेख आहे. भाड्याच्या घराचा नाही. 2005 मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व फक्त पारशांपुरते ठेवणारा नियम मान्य केला. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्याने घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापर्यंत आणली, पण जातीच्या नकारावर तो गप्प आहे.

तरी एक वाट याच कलमात आहे. 29 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत 'दुकान' म्हणजे नेमके काय, असा प्रश्न आला. हा शब्द व्यापक अर्थाने घ्यावा, मोबदला घेऊन सेवा देणारा प्रत्येकजण त्यात येतो, असे बाबासाहेबांनी स्पष्ट केले. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका निकालात या कलमातील 'दुकान' असेच व्यापक धरले. मालकाचे घर खाजगी मानले, तरी डीलरचे दुकान खाजगी नाही. तो पाटी लावतो, दलाली घेतो आणि आपल्याला जात विचारून मालकाला कळवतो. गाळणी त्याच्या टेबलावर लागते.

म्हणून मागणी नेमकी हवी. डीलरांना आणि घरे दाखवणाऱ्या ॲपना ग्राहकाची जात-धर्म विचारण्यास आणि त्यावरून घरे लपवण्यास स्पष्ट बंदी घाला. उल्लंघन झाल्यास दंड आणि व्यवसायबंदी करा. अमेरिकेने 1968 च्या कायद्याने वंश आणि धर्म पाहून घर नाकारण्यास मनाई केली, आणि तो कायदा दलालांनाही लागू आहे. तोवर आपण बोलणी मेसेजवर ठेवावीत, नकाराचे कारण लेखी मागावे, स्क्रीनशॉट जपावेत. पुराव्याशिवाय तक्रार उभी राहत नाही.

एक प्रश्न आपल्यालाही आहे. आपल्यातल्या काहींनी कर्ज काढून शहरात फ्लॅट घेतले आहेत, काहींनी ते भाड्यानेही दिले आहेत. त्या फ्लॅटसाठी मुस्लिम कुटुंब किंवा आपल्यापेक्षा वेगळ्या दलित जातीचे कुटुंब आले, तर डीलरला आपण काय सांगतो? पुढच्या वेळी तो 'कसे लोक हवेत' असे विचारील, तेव्हा 'भाडे वेळेवर देणारे' एवढेच उत्तर द्या.