जुनी होडी घेताना आधी पाणी बघा

मासेमारीबंदी १ जूनला सुरू होते आणि ३१ जुलैला संपते. या ६१ दिवसांत माडाच्या झावळ्यांखाली झाकून ठेवलेल्या होड्यांपैकी काहींचे मालक बदलतात. घेणारा कधी दुसऱ्याच्या ट्रॉलरवर राबून कंटाळलेला खलाशी असतो, कधी आखातातून परतलेला तरुण. नवी होडी परवडत नाही, म्हणून जुनी बघायची. यात गैर काहीच नाही. चांगली जुनी होडी ही वाईट नव्या होडीपेक्षा केव्हाही बरी.

पण ही खरेदी कशी होते ते मी किनाऱ्यावर उभा राहून पुष्कळदा पाहिले आहे. पहिला प्रश्न, "इंजिन किती घोड्यांचे?" दुसरा प्रश्न, "शेवटची किंमत काय?" मग रंगावरून एकदा हात फिरवायचा आणि विसार द्यायचा. माझे म्हणणे असे की हा क्रमच उलटा आहे. पहिला प्रश्न हवा तो असा: ही होडी कोणत्या पाण्यासाठी बांधली, आणि मी तिला कोणत्या पाण्यात घालणार आहे?

कोणी म्हणेल, पाणी ते पाणी. तसे नाही, मंडळी. आपला किनारा तसा लहानसा, पण त्यात किती तऱ्हेचे पाणी आहे बघा. कुंभारजुव्याच्या खाडीतले पाणी निवांत. आग्वाद आणि मुरगावच्या मधला मांडवी-झुआरीच्या मुखाचा रुंद उपसागर वेगळा. शापोराचे आणि बेतुलचे मुख वेगळे, तिथे वाळू साचते आणि वाट अरुंद होते. काणकोणच्या बाजूला खडक. पावसाळ्यात तर बोलूच नका. २००० सालच्या जूनमध्ये 'रिव्हर प्रिन्सेस' हे भलेमोठे जहाज कांदोळीच्या वाळूत येऊन रुतले, ते पुढे कित्येक वर्षे तिथेच होते. जिथे जहाजाची ही गत, तिथे होडीने किती जपून राहावे?

उपसागरातले खवळलेले पाणी हा तर स्वतंत्र विषय आहे. फेब्रुवारीपासून मेपर्यंत दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो, समुद्राकडून जमिनीकडे. त्याच वेळी ओहोटी असली की नदीचे पाणी बाहेर धावत असते. वारा आत, पाणी बाहेर. दोघांची गाठ पडते ती नेमकी मुखावर. तिथल्या लाटा दिसायला फार उंच नसतात, पण आखूड, उभ्या आणि एकीला एक लागून येतात. खोल समुद्रातल्या लांब लाटेवर होडी चढते आणि उतरते. इथे एका लाटेवरून उतरायच्या आत दुसरी अंगावर येते.

अशा पाण्यात सपाट तळाची होडी नको. खाडीत ती देवमाणूस. उथळ पाण्यात जाते, उभे राहून जाळे टाकले तरी हलत नाही. पण लाटेवर तिचा तळ आपटतो, आणि त्या दणक्यांनी फळ्यांचे सांधे सैल होतात. उपसागरासाठी नाळ उंच आणि पाणी कापणारी हवी, तळ गोलसर किंवा मध्ये उतरता हवा, आणि माल भरल्यावरही काठ पाण्यापासून हातभर वर राहायला हवा. अरुंद होडी घ्यायचीच असेल तर उलांडी धड आहे का ते बघा, आणि ती जिथे बांधली आहे ते आडवे दांडे तर आधी बघा.

आता इंजिनाचे. आमच्या वाड्यावरच्या एका मुलाने गेल्या वर्षी शेजारच्या राज्यातून विकायला आलेली फायबरची होडी पसंत केली. मला म्हणाला, "सर, तुम्ही जरा चला." मला होडीतले काय कळणार? मी त्याला घेऊन एका म्हाताऱ्या खारव्याकडे गेलो. मुलगा उत्साहाने म्हणाला, "काका, पंचवीस घोड्यांचे इंजिन आहे!" काकांनी होडीभोवती एक फेरी मारली. मागची बाजू किती खाली बसली आहे ते वाकून पाहिले आणि म्हणाले, "पुता, एवढे ओझे हिच्या शेपटीला बांधलेस तर मागून येणारी लाट आत कोण घेणार? तूच ना?"

बाहेरून बंदराकडे परतताना लाट मागून येते. मागचा भाग जड असला तर तो वेळेवर वर उचलला जात नाही, पाणी काठावरून आत येते. किंवा लाट शेपटी ढकलते, होडी आडवी होते आणि उलटते. मुखावरचे कितीतरी अपघात घर दिसत असताना होतात, ते यामुळेच. लहान होडीला नऊ-दहा घोडे पुरत असतील तर पंचवीस लावून ती अधिक सुरक्षित होत नाही. त्या मुलाने ती होडी सोडली, दुसरी शोधली. विकणारा थोडा रागावला, असो.

काकांनी त्या दिवशी जे दाखवले ते इथे लिहून ठेवतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. फायबरच्या होडीवर नवा रंग दिसला की आधी संशय घ्यावा. लाकडी मुठीने सगळीकडे ठोकत जावे. खणखणीत आवाज यावा, बद्द आवाज आला तर आतले थर सुटले आहेत किंवा पाणी शिरले आहे. इंजिन अडकवतात त्या मागच्या फळीत बहुधा लाकूड असते आणि ते आतून कुजते. इंजिन वर उचलून हाताने मागेपुढे हलवावे. फळी हलली तर होडी सोडून द्यावी. इंजिन चालू केल्यावर थंड करणाऱ्या पाण्याची धार जोरात पडते का ते पाहावे. खालच्या दात्यांच्या पेटीतले तेल दुधासारखे पांढरट असेल तर आत पाणी गेले आहे.

लाकडी होडीचे निराळे. तिथे चाकूचे टोक घेऊन बसावे. खाऱ्या पाण्यापेक्षा होडीत साचलेले पावसाचे पाणी लाकूड अधिक कुजवते, म्हणून तळाचे कोपरे आणि फासळ्यांच्या खालची जागा टोचून पाहावी. लाकूड पोखरणारा किडा बाहेरून टाचणीएवढे भोक ठेवतो आणि आत बोगदे करतो, तेव्हा वरच्या रंगावर विश्वास ठेवू नये. काथ्याने शिवलेली होडी असेल आणि दोरी जुनी झाली असेल तर घाबरू नये. दोरी बदलता येते, फळी चांगली हवी. शिवलेली होडी लाटेच्या आणि वाळूच्या दणक्याला थोडी वाकते, म्हणून टिकते. रांपणीच्या मोठ्या होड्या याच जातीच्या.

आणि शेवटचे, सर्वांत महत्त्वाचे. होडी सकाळच्या शांत पाण्यात चालवून बघू नये. सकाळी सगळ्याच होड्या शहाण्या असतात. दुपारी तीनला, ओहोटीच्या वेळी, जाळे आणि बर्फ यांच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या भरून, लाइफ जॅकेट घालून तिला मुखाजवळ न्यावे. विकणारा तयार नसेल तर तेच उत्तर समजावे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. हे सगळे ओळखणारी नजर आपल्या किनाऱ्यावरून झपाट्याने कमी होते आहे. २०२५ साली काथ्याने शिवलेले 'कौंडिण्य' हे शिडाचे जहाज नौदलात दाखल झाले. ते बांधले गेले आपल्या दिवाडी बेटावर, केरळच्या कारागिरांच्या हातून. आपण सर्वांनी अभिमानाने छायाचित्रे पाहिली आणि एकमेकांना पाठवली. चांगलेच झाले. पण त्याच शिवणीच्या होड्या आपल्या वाळूत कुजत पडल्या आहेत. ती शिवण जाणणाऱ्या म्हाताऱ्यांना आपण काय विचारतो? १९७०च्या दशकात रांपणकार रस्त्यावर उतरले ते किनाऱ्याजवळचे पाणी लहान होड्यांसाठी राहावे म्हणून. त्या लढ्यानंतर १९८०चा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा आला. पाणी राखले, पण त्या पाण्यातली होडी पारखणारा माणूस राखला नाही, तर काय उपयोग?

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक मच्छीमार सहकारी संस्थेने आपल्या किनाऱ्यावरच्या दोन जाणत्या माणसांची नावे फळ्यावर लिहून ठेवावीत. जुनी होडी घेणाऱ्याने विसार देण्याआधी त्यांना बोलवावे, आणि त्यांना त्या दिवसाचा मेहनताना मिळावा. मेकॅनिकला आपण पैसे देतोच ना? मग चाळीस वर्षे दर्यावर घालवलेल्या माणसाच्या नजरेला फुकटचा सल्ला का म्हणायचे? होडीसाठी कर्ज काढणाऱ्या तरुणाला तो खर्च हप्त्याच्या मानाने काहीच नाही. घरच्यांना तर त्याहूनही नाही, कारण दुपारचा वारा सुटला की ती माणसे मुखाकडे डोळे लावून बसतात.

तेव्हा येत्या नारळी पौर्णिमेच्या आधी कोणी होडी घ्यायला निघालात, तर कागदपत्रे, नोंदणी, परवाना हे सगळे बघाच. इंजिनही बघा. पण त्याआधी एखाद्या काकांना हाताला धरून घेऊन जा.