आठीवरचा इलाज

मनाचं दुखणं कपाळावरून उतरवता येतं, असं अमेरिकेतल्या एका त्वचातज्ज्ञाने २००६ साली छापून सांगितलं. १० खिन्न स्त्रियांच्या भुवयांमध्ये बोटॉक्स टोचलं आणि दोन महिन्यांनी ९ जणींची खिन्नता पळाली! आठ्या पाडणारे स्नायू लुळे पडले, की मेंदूला दुःखाची वर्दीच जात नाही, असा हा हिशेब.

आम्ही बँकेतली माणसं. लाल शाई खोडली म्हणून खात्यातली तूट भरत नाही, एवढं आम्हाला कळतं. पुढे २०१४च्या चाचणीत निम्म्या लोकांना नुसतं मिठाचं पाणी टोचलं. पण कुणाला काय मिळालं, हे गुपित आरसा ठेवील होय? शिवाय अंमल तीन-चार महिन्यांचा. म्हणजे सुखाचं नूतनीकरण दर तिमाहीला! अमेरिकन सरकारने २००२ साली परवानगी दिली ती आठ्यांसाठी. खिन्नतेसाठी अजून नाही.

कुणाला खरंच बरं वाटत असेल, तर आनंद आहे. पण बाईच्या कपाळावर आठी दिसली, तर सुई शोधण्याआधी तिला विचारा तरी, "काय झालं गं?" हा इलाज फुकट आहे. फक्त उत्तर ऐकताना आठी आपल्या कपाळावर येते. म्हणूनच घरोघरी सुई स्वस्त वाटते.