लॉकडाऊनमधले २ हजार : कोरोनाची मदत, की आपलाच हप्ता?

एप्रिल २०२० आठवतोय ना? बाजार समित्या कधी चालू, कधी बंद. टोमॅटो शेतात, द्राक्षं बागेत आणि व्यापारी फोन उचलेना. त्याच दिवसांत अनेकांच्या मोबाईलवर मेसेज आला, खात्यात २ हजार रुपये जमा. कोरोनाची मदत आली, असं गावोगाव बोललं गेलं. पण ती खरंच मदत होती का?

नीट हिशोब करू. २६ मार्च २०२० रोजी केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ लाख ७० हजार कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांना पीएम किसानचे २ हजार एप्रिलच्या सुरुवातीलाच देणार, असं सांगितलं. आता पीएम किसानचे वर्षाला ६ हजार आधीच ठरलेले. एप्रिल ते जुलैचा हप्ता तसाही येणारच होता, तो फक्त लवकर आला. वर्षाचे ६ हजार काही ८ हजार झाले नाहीत.

लवकर आला याचा उपयोग झाला, हे मान्य. हाताला पैसा नसताना किराणा भागला. बायकांच्या जनधन खात्यावर तीन महिने ५०० रुपये आले, ते मात्र वाढीव होते. पण ज्याचा दोन एकर टोमॅटो सडला त्यालाही २ हजार आणि ज्याचं काहीच अडलं नाही त्यालाही २ हजार. नुकसान कुणी मोजलंच नाही.

शिवाय ही योजना चालते सातबाऱ्यावर. बटईने किंवा खंडाने जमीन कसणाऱ्याचं नाव त्यावर नसतं. बियाणं त्याचं, घाम त्याचा, हप्ता मालकाला. नवऱ्याच्या नावावरच्या रानात राबणाऱ्या बाईचंही तेच. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन विकत घेतली, तोही बाहेर.

अमेरिकेने त्याच वर्षी वेगळी पद्धत वापरली. तिथे काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्या-तालुक्यासारखा भाग. शेतकऱ्याने काउंटीच्या कृषी कार्यालयात अर्ज करायचा आणि मका किती, जनावरं किती, यावर रक्कम ठरायची. त्यासाठी पहिल्या टप्प्यात १६०० कोटी डॉलर ठेवले होते. एका व्यक्तीला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर. यात नुकसानीचा विचार झाला, पण ज्याचं शेत मोठं त्याला पैसाही मोठा. म्हणजे तीही पद्धत निर्दोष नाही.

आपल्याला दोन्हींतलं चांगलं घेता येईल. छोट्याला ठरावीक आधार हवाच, पण संकटात पिकाप्रमाणे भरपाईही हवी. त्यासाठी कुणाच्या रानात काय उभं आहे, याची नोंद लागते. २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू आहे. ती दर हंगामात स्वतः करा, दुसऱ्यावर सोडू नका. नोंद नसेल तर उभं पीक सडलं तरी कागदावर रान पडीकच दिसतं.

बटईदाराचा प्रश्न मात्र तसाच आहे. कसणाऱ्याचं नाव सरकारी यादीत येत नाही, तोवर पुढच्या संकटातही मेसेज मालकाच्याच मोबाईलवर वाजणार. ग्रामसभेत हा विषय काढायला कुणाची परवानगी लागत नाही.